'ती नाटक करते'

दिवाळीनंतर मावशीचं घर आवरायला म्हणून दोन दिवस गेले होते. मावशी आता पंच्याहत्तरीच्या पुढची, माळ्यावर चढणं तिला जमत नाही. जुनी विजेची बिलं, लग्नपत्रिका, रेशनकार्डाच्या झेरॉक्स अशा गठ्ठ्यात एक नाडी बांधलेली फाईल सापडली. उघडली तर आत ताईचे केसपेपर. सगळ्यात वरचा १९९८ चा. ताईचं नाव, वय २२, आणि खाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात चार ओळी. त्यातले दोनच शब्द मला धड लागले. 'अटेन्शन सीकिंग.' म्हणजे लक्ष वेधून घेण्यासाठी केलेलं.

मी तो कागद तसाच फाईलीत ठेवला आणि फाईल माझ्या पिशवीत टाकली. मावशीला सांगितलं नाही. ताईला नंतर सांगितलं.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. हुशार, दिसायला छान, आणि सुट्टीत आम्हा सगळ्या लहान भावंडांना गोष्टी सांगणारी. पण तिच्याबद्दल मोठी माणसं आवाज खाली करून बोलत. कोणी यायला अर्धा तास उशीर केला की तिला वाटे, आता हे माणूस आपल्याला कायमचं सोडून गेलं. मग रडारड, आदळआपट, आणि तासाभराने त्याच माणसाच्या गळ्यात पडणं. मैत्रिणी जिवाभावाच्या होत आणि पंधरा दिवसांत वैरिणी. भर मे महिन्यात ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालत असे. त्या बाह्यांखाली काय आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. बोललंच तर एक वाक्य ठरलेलं: "ती नाटक करते."

१९९८ च्या पावसाळ्यात एका रात्री तिला जीव वाचवण्यासाठी दवाखान्यात न्यावं लागलं. काकांना पहिली भीती वाटली ती पोलिसांची. तेव्हा भारतीय दंडविधानाचं ३०९ कलम होतं. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत साधी कैद. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पण १९९६ मध्ये दुसऱ्या खटल्यात तो निर्णय फिरवला. काकांना यातलं काही माहीत नव्हतं, पण 'पोलीस केस होईल' एवढं पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी पहिल्या दवाखान्यात "चुकून झालं" असं सांगितलं. दुसऱ्यात खरं सांगावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं आणि व्हरांड्यात काकांना म्हणाले, "असल्या पेशंटला औषध नसतं. लग्न करून टाका, जबाबदारी पडली की सुधारेल."

निदान व्हायला आणखी अकरा वर्षं गेली. २००९ साली एका डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात. मराठीत सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार. मी डॉक्टर नाही. इतिहास घेऊन शिकले, ग्रंथालयात नोकरी करते. त्यामुळे एखादा शब्द समोर आला की तो आला कुठून, हे शोधायची खोड आहे. ही सीमा नक्की कशाची? आणि 'असल्या पेशंटला औषध नसतं' हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं? तो केसपेपर हातात आल्यावर हे प्रश्न पुन्हा डोकं वर काढू लागले. तर जे कळलं ते इथे लिहून ठेवते.

सीमा ही मुळात रोग्याची नव्हतीच, ती डॉक्टरांच्या कप्प्यांची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनोविश्लेषण करणाऱ्यांकडे दोन मोठे कप्पे होते. एक न्यूरोसिस, म्हणजे चिंता, भीती, छळणारे विचार, पण वास्तवाचं भान शाबूत. दुसरा सायकोसिस, जिथे वास्तवाशीच नातं तुटतं. पहिल्या कप्प्यातल्या माणसाला कोचावर झोपवून बोलतं करायचं, आठवड्यातून चारपाच वेळा, वर्षानुवर्षं. दुसऱ्या कप्प्यातल्याला रुग्णालयात ठेवायचं. पण काही माणसं यातल्या कुठल्याच कप्प्यात बसेनात. वरवर पाहता ठीकठाक, नोकरी करणारी, पण कोचावर झोपवलं की बरी होण्याऐवजी बिघडणारी. न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ साली अशा रुग्णांवर एक निबंध लिहिला आणि त्यांना 'बॉर्डरलाइन' गट म्हटलं. दोन कप्प्यांच्या सीमेवरचे.

स्टर्न यांनी या लोकांची दहा लक्षणं लिहिली होती. त्यातलं एक मला फार लागलं. त्याला त्यांनी मनाचा रक्तस्राव म्हटलं आहे. म्हणजे दुखापत झाली की बाकीच्यांची जखम जशी थोड्या वेळाने धरते तशी यांची धरत नाही, माणूस कोसळतोच. १९३८ सालीच एका डॉक्टरला दिसलं होतं की हे नाटक नाही, रक्त वाहतंय. नवल याचं वाटतं की हे दिसल्यावरही पुढची चाळीस वर्षं चर्चा मुख्यतः या माणसांना कुठल्या खणात ठेवायचं, याचीच चालली.

१९६७ मध्ये ऑटो कर्नबर्ग यांनी या प्रकाराचं पहिलं भरभक्कम सैद्धांतिक चित्र मांडलं. हे गृहस्थ व्हिएन्नात जन्मलेले. नाझींच्या तावडीतून सुटून त्यांचं कुटुंब १९३९ साली चिलीला गेलं आणि पुढे ते अमेरिकेत आले. त्यांच्या मांडणीतला गाभा साधा आहे. आपल्याला एकाच माणसात चांगलं आणि वाईट एकत्र धरता येतं. आई रागावली तरी ती आईच असते. या माणसांना ते धरता येत नाही. समोरचा एकतर देव किंवा राक्षस, आणि स्वतःबद्दलही तसंच. ताईच्या मैत्रिणींचा हिशोब मला तेव्हा लागला.

१९७५ मध्ये जॉन गंडरसन आणि मार्गारेट सिंगर यांनी तोवरचं सगळं लिखाण चाळून या रुग्णांची ठळक लक्षणं एकत्र केली. त्यावर बराच खल होऊन १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेच्या तिसऱ्या आवृत्तीत हे निदान अधिकृतपणे दाखल झालं. आठ लक्षणं, त्यातली पाच असली तर निदान पक्कं. एकटं राहणं सहन न होणं, टोकाची अस्थिर नाती, आपण नक्की कोण याचा पत्ता नसणं, अविचारी वागणं, स्वतःला इजा करणं, घडीघडी पालटणारी मनःस्थिती, रिकामेपण, न आवरणारा राग. १९९४ च्या आवृत्तीत नववं आलं: ताण वाढला की थोडा वेळ भलतेच संशय येणं किंवा आपण स्वतःपासूनच तुटल्यासारखं होणं.

म्हणजे १९८० मध्ये नाव मिळालं. नाव मिळालं की उपचार मिळतील असं तुम्हाआम्हाला वाटेल. झालं उलटंच.

१९८८ साली ब्रिटनमध्ये लुइस आणि अ‍ॅपल्बी या दोघांनी एक प्रयोग केला. त्याचं शीर्षकच बोलकं आहे: व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांना न आवडणारे रुग्ण. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना एका माणसाची हकिगत लिहून पाठवली. माणूस उदास आहे, रडतो, मरणाचे विचार येतात. सगळ्यांना हकिगत जवळपास एकच, फरक फक्त एका ओळीचा. काहींच्या कागदावर लिहिलं होतं की याला पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालेलं आहे. ती एक ओळ वाचलेल्या डॉक्टरांना तोच माणूस त्रासदायक, आपल्याला खेळवणारा, लक्ष वेधून घेणारा वाटला. त्याचे मरणाचे विचार त्याच्या ताब्यातले आहेत असं वाटलं. मदतीला तो कमी पात्र वाटला.

हे वाचताना मी पुन्हा एकदा ती फाईल उघडली. आमच्या जिल्ह्याच्या गावचे ते डॉक्टर वाईट नव्हते हो. मावशी आजही सांगते की त्यांनी बिलातले पैसे कमी केले होते. जगभरच्या डॉक्टरांना जे शिकवलं जात होतं तेच त्यांनी लिहिलं. 'नाटक करते' हे आमच्या घरातलं मराठी आणि 'अटेन्शन सीकिंग' हे दवाखान्यातलं इंग्रजी. अर्थ एकच.

आता यातली दुसरी फाईल. ही अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावातली, इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग नावाच्या मनोरुग्णालयातली. १९६१ च्या मार्च महिन्यात तिथे ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावची एक सतरा वर्षांची मुलगी दाखल झाली. ती स्वतःला सतत इजा करत असे, इतकी की तिला रिकाम्या एकांतखोलीत ठेवलं. तिथे करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही तेव्हा ती डोकं भिंतीवर आपटू लागली. निदान स्किझोफ्रेनिया. जड औषधं झाली, विजेचे झटके झाले, मनोविश्लेषण झालं. सव्वीस महिन्यांनी, १९६३ मध्ये तिला घरी सोडलं तेव्हा तिच्या कागदावर लिहिलं गेलं की या काळात बराच वेळ ती रुग्णालयातल्या सर्वांत अस्वस्थ रुग्णांपैकी एक होती. तिथे असतानाच तिने देवाजवळ एक शपथ घेतली होती: या नरकातून मी बाहेर पडले, तर परत येऊन इतरांना बाहेर काढीन.

या मुलीचं नाव मार्शा लिनहन. तिने रात्रीच्या वर्गांना जाऊन शिक्षण पुरं केलं, १९७१ मध्ये शिकागोच्या लोयोला विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि पुढे सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाली. संशोधनासाठी तिने रुग्ण कोणते मागितले असतील? आसपासच्या रुग्णालयांना तिने सांगितलं, तुमच्याकडचे सर्वांत अवघड, पुनःपुन्हा जीव द्यायला निघणारे रुग्ण मला पाठवा. अशा रुग्णांचा इतरांना कंटाळा होता, त्यामुळे पाठवणाऱ्यांची काही हरकत नव्हती.

लिनहनबाईंनी सुरुवातीला त्या काळातली वर्तनोपचाराची सरळ रीत वापरली. हे चुकतंय, हे बदला, असं करून पाहा. रुग्ण चिडले किंवा उठून गेले. आमचं दुखणं कळलंच नाही तुम्हाला, सगळा दोष आमचाच का, असं त्यांचं म्हणणं. मग बाईंनी दुसरं टोक गाठलं. नुसतं ऐकून घ्यायचं, समजून घ्यायचं, माणूस आहे तसा स्वीकारायचा. तरीही रुग्ण चिडले. आम्ही जळतोय आणि तुम्ही नुसत्या बघत बसणार? मग लक्षात आलं की दोन्ही एकाच वेळी हवं. तू आहेस तशी मला मान्य आहेस, आणि तुला बदलायला हवं. दोन उलट्या गोष्टी एकाच हातात धरायच्या, म्हणून त्या उपचाराचं नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. 'द्वंद्वात्मक' म्हटलं की आपल्याकडे मार्क्स आठवतो, पण इथे द्वंद्व आहे ते स्वीकार आणि बदल यांचं. जी माणसं जगाचे दोनच रंग पाहतात, त्यांना उपचारातच दोन रंग एकत्र दाखवायचे.

स्वीकाराची रीत बाई झेन साधनेतून शिकल्या. मनात उठणाऱ्या लाटेकडे तिच्यात न बुडता पाहायचं. 'झेन' हा शब्द मुळात आपल्या 'ध्यान' शब्दाचा चीनमार्गे जपानला गेलेला अवतार. पण याचा अभिमान वगैरे बाळगण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे ताईला "ध्यान कर" असं सांगणारे पुष्कळ होते. कसं करायचं हे सांगणारा कोणी नव्हता. लिनहनबाईंनी तेच केलं. ध्यानाचे, राग आवरण्याचे, 'नाही' म्हणण्याचे, वाईट रात्र काही वेडंवाकडं न करता काढण्याचे छोटे छोटे धडे पाडले आणि ते वर्गात फळ्यावर शिकवावेत तसे शिकवले. दर आठवड्याला एक बैठक एकट्याने, एक गटात. मध्येच तोल जाऊ लागला तर थेरपिस्टला फोन करायची मुभा. आणि खुद्द थेरपिस्ट खचू नयेत म्हणून त्यांचीही आठवड्याला आपसात बैठक.

१९९१ मध्ये त्यांनी आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. पुनःपुन्हा स्वतःला इजा करणाऱ्या चाळीसच्या वर स्त्रिया, चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले दोन गट, एक वर्ष. एका गटाला ही थेरपी, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. थेरपीच्या गटात इजा करून घेणं कमी झालं, उपचार अर्ध्यात सोडून जाणारे फार कमी निघाले, आणि रुग्णालयात काढावे लागलेले दिवस वर्षाला सरासरी साडेआठ. दुसऱ्या गटात जवळजवळ एकोणचाळीस. औषध नसतं म्हणणाऱ्यांना हे पहिलं मोजून दिलेलं उत्तर. १९९१ साली. आमच्या केसपेपरच्या सात वर्षं आधी.

स्वतःची कहाणी मात्र बाईंनी लपवून ठेवली होती. हातावरचे व्रण पाहून एका रुग्ण स्त्रीने त्यांना विचारलं, तुम्हीही आमच्यातल्याच का? तुम्ही असाल तर आम्हाला केवढा धीर येईल. शेवटी २०११ च्या जूनमध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. न्यूयॉर्क टाइम्सने ते छापलं तेव्हा जगाला कळलं. ती बातमी मी ताईला वाचून दाखवली होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे नोकरी लागते."

उपचार आहे हे कळल्यावर तो सगळ्यांना मिळाला का? याचं उत्तर शोधायला इंग्लंडकडे पाहावं, कारण तिथे सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांसाठी आहे आणि तिची कागदपत्रंही नीट जपलेली आहेत. तिथे १९४७ साली मॅक्सवेल जोन्स यांनी एक वेगळंच केंद्र सुरू केलं होतं, जे पुढे हेंडरसन हॉस्पिटल म्हणून ओळखलं गेलं. तिथे रुग्ण आणि कर्मचारी मिळून रोज सभा घेत आणि एकमेकांच्या वागण्याला जबाबदार राहत. इतरांनी नाकारलेली माणसं तिथे महिनोन्महिने राहून सुधारत. पण दूरच्या जिल्ह्यातल्या रुग्णाचे पैसे कोणी द्यायचे हा तिढा पुनःपुन्हा येत राहिला आणि २००८ मध्ये ते बंद झालं.

२००३ साली इंग्लंडच्या मानसिक आरोग्य संस्थेने एक मार्गदर्शिका काढली, व्यक्तिमत्त्व विकार हे यापुढे दार बंद करणारं निदान राहणार नाही अशा अर्थाच्या मथळ्याची. मथळ्यातच कबुली होती की तोवर ते तसं होतं. तेव्हाच्या पाहणीत सुमारे १७ टक्के आरोग्य ट्रस्टांकडेच या लोकांसाठी वेगळी सेवा होती. २००९ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली. निदान झालं म्हणून किंवा स्वतःला इजा केली म्हणून कोणालाही सेवा नाकारू नये, असं त्यांत स्पष्ट लिहावं लागलं. तीन महिन्यांपेक्षा छोटे मानसोपचार या विकारासाठी देऊ नयेत, आणि खास या विकारावरचं औषध म्हणून गोळ्या देऊ नयेत, हेही लिहिलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८४ टक्के संस्थांनी आपल्याकडे निदान एक तरी अशी सेवा असल्याचं सांगितलं. १७ वरून ८४. कागदावरच्या ओळी बदलल्या की दारं उघडतात, थोडी का होईना.

त्याच लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनगी यांनी दुसरी वाट काढली. समोरच्याच्या मनात काय चाललंय आणि आपल्या मनात काय चाललंय, याचा ठाव घ्यायला शिकवायचं. त्यांचा पहिला प्रयोग १९९९ साली छापला गेला. उपचारांनंतर पाच वर्षांनी, म्हणजे सुरुवातीपासून आठ वर्षांनी, त्यांनी तीच माणसं पुन्हा तपासली. नेहमीच्या उपचारांतल्या ७४ टक्के लोकांनी मधल्या काळात जीव द्यायचा प्रयत्न केला होता, यांच्यातल्या २३ टक्के लोकांनी. माणसं चाळीसेकच होती, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे.

आणि ज्या आकड्याने मी खरोखर थांबले तो हा. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी १९९० च्या दशकात २९० रुग्ण घेतले, सगळे रुग्णालयात दाखल करावे लागलेले, म्हणजे गंभीरच. दर दोन वर्षांनी त्यांची विचारपूस केली. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं सलग निदानाच्या रेषेखाली राहिली. त्र्याण्णव टक्के! ज्याला जन्माचं दुखणं म्हणत होते ते बहुतेकांत ओसरतं. पण लक्षणं ओसरून शिवाय नोकरी आणि माणसं असं सगळं नीट जमलेले मात्र निम्मेच. म्हणजे आग विझते, पण घर पुन्हा बांधायला मदत लागते, आणि तिथे कोणीच नसतं.

या निदानाला विरोध करणारेही आहेत आणि त्यांचंही ऐकायला हवं. १९८९ मध्ये ज्युडिथ हर्मन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांनी पाहिलेल्या या निदानाच्या बहुसंख्य रुग्णांना लहानपणी मोठे आघात सोसावे लागले होते. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याच्याच व्यक्तिमत्त्वाला विकार म्हणायचं, हा कुठला न्याय, असं ब्रिटनमधले काही माजी रुग्ण विचारतात. सगळ्यांच्याच बाबतीत आघात सापडतो असं नाही, पण प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या नव्या वर्गीकरणात व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने कप्पेच काढून टाकले. आता सौम्य, मध्यम, तीव्र असं मोजायचं, आणि हवं तर 'बॉर्डरलाइन' धाटणी जोडीला नोंदवायची. कप्प्यांच्या सीमेवरून आलेला शब्द, कप्पे गेले तरी मागे राहिलाच.

आता आपल्याकडचं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, पाहणी झालेल्या निरनिराळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं. लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही आपल्याकडे येत नाही. वर्षभर दर आठवड्याला दोन बैठका आणि वर फोन, हे तालुक्याच्या गावी कोण देणार आणि कोणाला परवडणार?

कायदा मात्र बदलला, आणि ही लहान गोष्ट नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही, उलट तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, हेही त्याच कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात जुनं ३०९ कलम राहिलं नाही. काकांना ज्या भीतीने खोटं बोलायला लावलं, त्या भीतीचं कायद्यातलं मूळ उखडायला १९९८ नंतर सव्वीस वर्षं लागली. काका ते पाहायला नव्हते.

मग ताईचं काय झालं? ताईला डायलेक्टिकल वगैरे काहीही मिळालं नाही. तिला मिळाले ते २००९ चे डॉक्टर. सरकारी दवाखान्यातले, समोर पन्नास पेशंटची रांग. त्यांनी तिला दुखण्याचं नाव सांगितलं, हे ओसरतं असं सांगितलं, आणि म्हणाले, "पंधरा दिवसांनी या." ती पंधरा दिवसांनी गेली. मध्ये काही केलं असेल तरी त्यांनी ओरडा केला नाही, फार चुचकारलंही नाही. "बरं, त्याच्या आधी काय झालं होतं?" एवढंच विचारत. आणि दर वेळी, "काम काय करताय सध्या?" दहा मिनिटं. असं सहा वर्षं.

कॅनडात टोरांटोला १८० रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००९ सालचेच. एका बाजूला लिनहनबाईंची पूर्ण थेरपी, दुसऱ्या बाजूला नीट माहिती असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी ठरलेल्या रीतीने, नियमित भेटून केलेले साधे उपचार. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. त्यावरूनच पुढे गंडरसन, होय, तेच १९७५ चे, सांगत राहिले की प्रत्येक गावात तज्ज्ञ थेरपिस्ट नसला तरी चालेल. विकार समजावून सांगा, नियमित भेटा, नोकरी आणि माणसं यांच्याकडे लक्ष ठेवा, आणि घाबरून हाकलून देऊ नका. २०१४ मध्ये त्यांनी यावर सहकाऱ्यासोबत पुस्तकही काढलं. ते २०१९ मध्ये गेले.

मला वाटतं आमच्या त्या डॉक्टरांना हे सगळं वाचायला वेळ मिळाला असेल-नसेल, पण ते करत होते ते हेच. सगळ्यांना असा डॉक्टर मिळत नाही, आणि नशिबावर आरोग्यसेवा चालत नसते, हेही खरं. पण तालुक्याच्या गावी काहीच करता येत नाही, हे खोटं आहे. त्याला लागतं ते एवढंच: केसपेपरवर पहिली ओळ लिहिताना थोडं थांबणं.

ताई आता पोस्टाच्या आरडीची एजंट आहे. दीडदोनशे घरांतून दर महिन्याला पैसे गोळा करते, वहीत नोंदी चोख. अर्ध्या बाह्यांचे ब्लाउज घालते. एखाद्या घरातल्या लहान मुलाने हाताबद्दल विचारलं तर म्हणते, "पूर्वी लागलं होतं रे." वाईट दिवस अजून येतात. आले की ती कोणाला तरी फोन करते, बहुधा मला.

हे लिहून झाल्यावर आधी तिला वाचायला दिलं, कारण कहाणी तिची आहे. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक म्हणजे, वाचणाऱ्यांपैकी कोणाला गरज असेल तर सरकारचा १४४१६ हा टेली-मानसचा नंबर घाल. तो २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत. तेव्हा घालते आहे.

दुसरी दुरुस्ती: शेवटी मी 'ताई बरी झाली' असं लिहिलं होतं. ते खोडून तिने पेन्सिलीने लिहिलं, 'ताई बरी असते.'